इमारत नव्हे, उपकरण : प्रयोगशाळेच्या वास्तूचा दोनशे वर्षांचा प्रवास

१/
१९६१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एक आगळे प्रदर्शन भरवले. संपूर्ण प्रदर्शनाचा विषय एकच इमारत होता : फिलाडेल्फियातील एक संशोधन प्रयोगशाळा. वास्तुरचनाकार तिचे गोडवे गात होते. त्याच इमारतीत काम करणारे शास्त्रज्ञ मात्र डोळ्यांवर येणारे ऊन अडवण्यासाठी खिडक्यांच्या काचांना फॉइल आणि कागद चिकटवत होते.

२/
एकाच वास्तूविषयी इतकी परस्परविरोधी मते कशी संभवतात? या प्रश्नाच्या मुळाशी एक जुना वाद आहे. प्रयोगशाळा नेमकी कोणासाठी बांधायची? बाहेरून पाहणाऱ्यासाठी, आत राबणाऱ्या माणसासाठी, की त्या माणसाने मांडलेल्या उपकरणासाठी? आजच्या धाग्यात या वादाचा मागोवा घेऊ. शेवट होईल तो ग्राफीनसारख्या नव्या द्रव्यांच्या संशोधनासाठी उभारलेल्या वास्तूंपाशी.

३/
आरंभ जर्मनीतील गीसेन या छोट्या विद्यापीठनगरात होतो. १८२४ साली युस्टुस फॉन लीबिग हा अवघ्या २१ वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ तेथे प्राध्यापक म्हणून आला. त्याला प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली ती एका वापरात नसलेल्या लष्करी बराकीच्या पहारेकऱ्यांच्या इमारतीत. प्रयोगशाळा म्हणून खास बांधलेली वास्तू ही कल्पनाच तेव्हा रुळलेली नव्हती.

४/
विद्यार्थी वाढले, तशी जागा अपुरी पडली आणि हवा दूषित होऊ लागली. घातक वायू निघणारे प्रयोग इमारतीबाहेरच्या खांबांच्या ओसरीत करावे लागत. १८३९ मध्ये विस्तार झाला तेव्हा विश्लेषणाच्या नव्या दालनात विषारी वाफा ओढून घेणारी, काचेच्या दारांची कपाटे बसवण्यात आली. आज ज्याला फ्यूम हूड म्हणतात, त्याचे हे पूर्वरूप होय.

५/
या विस्ताराचा आराखडा योहान फिलिप होफमान या वास्तुरचनाकाराने केला. त्याचा मुलगा ऑगस्ट विल्हेल्म पुढे लीबिगचाच शिष्य झाला आणि कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रातील एक अग्रणी म्हणून ख्यातनाम झाला. पित्याने खोली बांधली, पुत्राने त्या परंपरेत विज्ञान घडवले. वास्तू आणि विज्ञान यांचे नाते इतके निकटचे होते.

६/
गीसेनने शिकवलेला पहिला धडा असा : प्रयोगशाळेत हवा ही आपोआप मिळणारी गोष्ट नव्हे, तिची योजना करावी लागते. घरात हवा खिडकीतून येते आणि जाते. प्रयोगशाळेत ती कोठून यावी, कोणावरून वाहावी आणि कोठून बाहेर पडावी, हे आधी ठरवावे लागते. येथे चुकीची किंमत फुफ्फुसांनी मोजावी लागते.

७/
दुसरा धडा केंब्रिजचा. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्यावर कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या उभारणीची जबाबदारी आली, तेव्हा त्यांनी आधी ग्लासगो आणि ऑक्सफर्ड येथील प्रयोगशाळा पाहून घेतल्या. वास्तुरचनाकार होते विल्यम फॉसेट. पण खोल्यांना काय हवे आहे, हे सांगणारा माणूस स्वतः प्रयोग करणारा होता. १८७४ मध्ये इमारत पूर्ण झाली.

८/
मॅक्सवेल यांना विद्युत आणि चुंबकीय मोजमापे करायची होती. कोणी खोलीतून चालत गेले तरी सुई थरथरते, हे ते जाणून होते. म्हणून कॅव्हेंडिशमध्ये टेबलांचे आधार तळजमिनीपासून वेगळे ठेवण्याची योजना झाली. माणूस जमिनीवर चालेल, पण त्याच्या पावलाचा धक्का उपकरणापर्यंत पोहोचणार नाही, अशी ती युक्ती होती.

९/
वरवर पाहता ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु एकाच खोलीत दोन 'रहिवासी' आहेत, माणूस आणि उपकरण, आणि त्यांच्या गरजा परस्परांविरुद्ध जाऊ शकतात, ही जाणीव येथे दगडविटांत उतरली. पुढल्या दीडशे वर्षांत प्रयोगशाळेच्या वास्तूत जे जे घडले, ते या दोन रहिवाशांच्या भांडणातून घडले, असे म्हणता येईल.

१०/
आता अमेरिकेकडे वळू. बेल लॅब्ज ही टेलिफोन व्यवसायातून जन्मलेली संशोधनसंस्था. तिचे मुख्य ठाणे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये होते. महानगरातील गोंगाट, धूळ आणि अपुरी जागा सूक्ष्म प्रयोगांना जाचक ठरू लागली. म्हणून शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, न्यू जर्सीतील मरे हिल येथे नवी वास्तू उभारण्यात आली. ती १९४१ मध्ये वापरात आली.

११/
मरे हिलचे वैशिष्ट्य तिच्या मापात होते. सारी इमारत ६ फुटांच्या पटीत आखलेली. ठरावीक अंतरावर भिंतीतून वीज, वायू, दाबाखालची हवा आणि निर्वात यांच्या जोडण्या उपलब्ध. मधली पार्टिशने हलवता येण्याजोगी. नवा प्रकल्प आला की खोली मोठी करायची, संपला की लहान. गवंड्याला बोलावण्याचे कारण नाही.

१२/
यामागचे गणित साधे आहे. इमारत पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक टिकते. उपकरण मात्र काही वर्षांतच जुने होते. पन्नास वर्षांनंतर कोणते विज्ञान चालेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणून भविष्याचा अंदाज बांधण्यापेक्षा, बदल सोसू शकेल अशी वास्तू बांधणे शहाणपणाचे. द्रव्यविज्ञानाच्या म्हणजे मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळांनी हे सूत्र पुढे जवळजवळ सार्वत्रिक केले.

१३/
मरे हिलची आणखी एक ख्याती आहे : तिचे अतिशय लांब व्हरांडे. सुमारे ७०० फूट लांबीच्या त्या मार्गावरून जाताना धातुतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ, भौतिकीतज्ज्ञ आणि अभियंते एकमेकांना भेटल्यावाचून राहणे अवघड होते. संस्थेचे धुरीण मर्विन केली यांना ही गाठभेट हवीच होती. शाखानिहाय स्वतंत्र इमारती बांधण्याऐवजी सर्वांना एकाच छताखाली आणण्याचा निर्णय हेतुपूर्वक घेतला गेला होता.

१४/
१९४५ मध्ये जॉन बार्डीन तेथे दाखल झाले. युद्धकाळातील गर्दीमुळे त्यांना स्वतंत्र खोली मिळाली नाही. वॉल्टर ब्रॅटन आणि जेराल्ड पिअरसन यांच्या खोलीतच त्यांना टेबल मिळाले. बार्डीन सिद्धान्त मांडणारे, ब्रॅटन प्रयोग करणारे. डिसेंबर १९४७ मध्ये या दोघांच्या हातून जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर साकारला.

१५/
१९५४ मध्ये त्याच संस्थेत सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौरघट तयार झाला. त्यामागे रसायनतज्ज्ञ कॅल्विन फुलर, भौतिकीतज्ज्ञ पिअरसन आणि अभियंता डॅरिल चॅपिन असे तीन वेगळ्या शाखांचे लोक होते. केवळ व्हरांड्यामुळे शोध लागतात, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण द्रव्यविज्ञान ही एकट्यादुकट्याने करावयाची विद्या नव्हे, आणि वास्तू त्या सहवासाला पोषक किंवा मारक ठरू शकते, हे निश्चित.

१६/
याच सुमारास भारतही आपल्या प्रयोगशाळा उभारत होता. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर यांच्या हस्ते बसवली गेली. उद्घाटन पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी केले. देश प्रजासत्ताक होण्यास तेव्हा २३ दिवस उरले होते.

१७/
त्याच महिन्यात दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचेही उद्घाटन झाले. फाळणीच्या जखमा ताज्या असताना, अन्नधान्याची टंचाई असताना, एका गरीब देशाने पाषाणच्या माळावर प्रयोगशाळा बांधणे ही चैन नव्हती. ती एक राजकीय भूमिका होती : विज्ञान उसने आणायचे नाही, येथेच घडवायचे. त्या भूमिकेला आकार देण्याचे काम वास्तूला करावे लागले.

१८/
आता धाग्याच्या आरंभी आलेल्या इमारतीकडे परत येऊ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा १९५७ ते १९६० या काळात बांधली गेली. रचनाकार लुई कान. अहमदाबादच्या आयआयएमची विटांची भव्य वास्तू ज्यांच्या कल्पनेतून आली, तेच हे कान. रिचर्ड्समध्ये द्रव्यविज्ञान नव्हे, तर जीवशास्त्र व वैद्यकाचे संशोधन चालणार होते. पण तिने उपस्थित केलेला प्रश्न सर्वच प्रयोगशाळांचा होता.

१९/
कान यांनी जागांचे दोन वर्ग कल्पिले : सेवा घेणाऱ्या जागा आणि सेवा देणाऱ्या जागा. शास्त्रज्ञ जेथे काम करतो ती पहिली. जिने, नळ, हवेच्या नलिका, दूषित वायूंची धुराडी ही दुसरी. इतर इमारतींत ही सेवायंत्रणा छतात किंवा कोपऱ्यात लपवली जाई. कान यांनी तिला विटांचे उत्तुंग, खिडक्याविरहित मनोरे दिले आणि तिलाच इमारतीचा चेहरा केले.

२०/
यामागचा विचार नैतिक म्हणावा असा होता. शास्त्रज्ञाने श्वासात घ्यावयाची शुद्ध हवा आणि त्याच्या प्रयोगातून निघालेली दूषित हवा एकत्र मिसळता कामा नये. म्हणून शुद्ध हवा मधल्या सेवामनोऱ्यातून आत यायची आणि दूषित हवा कडेच्या मनोऱ्यांतून वर जायची. गीसेनच्या काचेच्या कपाटांतला प्रश्नच येथे शिल्परूप घेऊन उभा राहिला होता.

२१/
अभियंता ऑगस्ट कोमेंडन्ट यांनी पूर्वताणित काँक्रीटचे कारखान्यात ओतलेले भाग वापरून खोल्यांच्या आत एकही खांब येऊ दिला नाही. तुळयांच्या मोकळ्या चौकटींतून नळ आणि नलिका नेता येत. कागदावर सारे निर्दोष होते. मग शास्त्रज्ञ का वैतागले?

२२/
कारणे रोजची होती. मोठ्या काचांमधून ऊन थेट टेबलावर येई. खोल्या चौकोनी आणि मोकळ्या, त्यामुळे गोंगाट व गैरसोय होई. शास्त्रज्ञांना एकांतही हवा होता, म्हणून त्यांनी स्वतःच भिंती उभ्या केल्या. उघड्या ठेवलेल्या नळांवर धूळ साचे. वाढत्या उपकरणांना जागा पुरेना. हवेची अप्रतिम व्यवस्था करणाऱ्या रचनाकाराकडून उन्हाची आणि माणसाच्या सवयींची व्यवस्था राहून गेली होती.

२३/
इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. पोलिओची लस शोधणारे जोनास सॉल्क हे १९५९ मध्ये कान यांना भेटले. त्यांना कॅलिफोर्नियात, प्रशांत महासागराच्या काठी ला होया येथे संशोधनसंस्था उभारायची होती. रिचर्ड्सच्या उणिवा झाकण्याऐवजी कान यांनी त्यांतून धडा घेतला. अपयशाचा इतका सार्थ उपयोग वास्तुकलेच्या इतिहासात क्वचितच आढळतो.

२४/
सॉल्क संस्थेत प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्यावर एक स्वतंत्र 'नळांचा मजला' आहे. सहा मजल्यांपैकी तीन माणसांसाठी आणि तीन केवळ नळ, नलिका व तारांसाठी. या मधल्या मजल्यावर माणूस सरळ उभा राहून चालू शकतो. खाली प्रयोग सुरू असताना वर कारागीर नळ बदलू शकतो. शास्त्रज्ञाचे काम थांबत नाही, आणि कारागिरालाही शिडीवर लोंबकळावे लागत नाही.

२५/
या दुसऱ्या मुद्द्याकडे सहसा दुर्लक्ष होते. प्रयोगशाळा चालवतो तो एकटा शास्त्रज्ञ नव्हे. वायूच्या टाक्या बदलणारा, गाळण्या स्वच्छ करणारा, गळती शोधणारा तंत्रज्ञ हाही तिचा रहिवासी आहे. त्याला सरळ उभे राहता यावे एवढी उंची देणे, म्हणजे त्याच्या श्रमांना वास्तूत मान देणे होय.

२६/
सॉल्कमध्ये खांबविरहित मोठी दालने यंत्रांसाठी आहेत, तर अभ्यासिका वेगळ्या, सागवानी लाकडाच्या चौकटींच्या आणि समुद्राकडे तोंड करून. उपकरणाला लवचीक जागा आणि माणसाला एकांत व प्रकाश, अशी वाटणी झाली. कॅव्हेंडिशमधील टेबल आणि जमीन यांची फारकत येथे संपूर्ण इमारतीच्या मापाने घडली.

२७/
तथापि द्रव्यविज्ञानाच्या गरजा याच सुमारास वेगळ्या दिशेने धावू लागल्या. ट्रान्झिस्टर आकाराने लहान होत गेला, तसा धुळीचा साधा कण हा डोंगर ठरू लागला. या अडचणीवर १९६०च्या सुमारास अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी उपाय काढला. तो उपाय यंत्राचा कमी आणि खोलीच्या रचनेचा अधिक होता.

२८/
तोवर स्वच्छ खोली म्हणजे पुन्हा पुन्हा झाडलेली, पुसलेली खोली. व्हिटफिल्ड यांनी हवेलाच झाडू केले. छतातून गाळलेली हवा सरळ खाली सोडायची, जाळीदार जमिनीतून ती ओढून घ्यायची, गाळायची आणि पुन्हा वर न्यायची. धूळ उडाली तरी क्षणार्धात खाली वाहून जाते. आरंभी कणांची मोजणी इतकी कमी आली की मापकच बिघडला असावा, अशी शंका घेतली गेली.

२९/
१९६३ मध्ये अमेरिकेत स्वच्छतेचे अधिकृत मानक आले. 'क्लास १००' म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे किंवा त्याहून मोठे कण १००पेक्षा अधिक नसणे. अशा क्लीनरूमचा छेद पाहिला तर ती एक खोली नसते. वर पंखे व गाळण्यांचा मजला, मध्ये माणसांचा मजला, खाली परतीच्या हवेचा आणि पंपांचा मजला. सॉल्कच्या नळांच्या मजल्याची ही जणू सख्खी भावंडे.

३०/
धुळीनंतरचा शत्रू कंपनांचा. १९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी अणूंची रचना 'पाहणारे' स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक साकारले. त्यातील सुई आणि पृष्ठभाग यांच्यातील अंतर एका नॅनोमीटरहूनही कमी. मोजमापे रात्रीच्या शांततेत घ्यावी लागली. आरंभीच्या उपकरणाला तर अतिवाहकाच्या साहाय्याने चुंबकावर तरंगत ठेवले होते.

३१/
१९८०च्या दशकात एरिक अंगर आणि कॉलिन गॉर्डन या अभियंत्यांनी इमारतींसाठी कंपनांच्या मर्यादा ठरवणाऱ्या आलेखरेषा मांडल्या. त्यांतील 'ए' रेषा सेकंदाला ५० मायक्रोमीटर वेगाची, तर 'ई' रेषा सुमारे ३ मायक्रोमीटरची. म्हणजे माणसाला जी जमीन निश्चल भासते, ती सूक्ष्मदर्शकाच्या लेखी हादरत असते. आता वास्तुरचनाकाराला भूकंपाइतकाच विचार पावलांचा, लिफ्टचा आणि रस्त्यावरच्या ट्रकचा करावा लागतो.

३२/
परिणामी प्रयोगशाळा जमिनीखाली जाऊ लागल्या. अमेरिकेच्या मानकसंस्थेने मेरीलँडमधील गेथर्सबर्ग येथे २००४ मध्ये खुल्या केलेल्या प्रगत मापन प्रयोगशाळेचे दोन भाग पूर्णतः भूमिगत, सुमारे १२ मीटर खोल आहेत. तेथील काही खोल्यांत तापमान ०.०१ अंश सेल्सिअसहून अधिक ढळू दिले जात नाही. कारण तापले की द्रव्य प्रसरण पावते, आणि मोजमाप खोटे ठरते.

३३/
याचे टोक झुरिकजवळ र्‍युश्लिकोन येथे दिसते. बिनिग आणि रोरर यांच्याच नावाने २०११ मध्ये सुरू झालेल्या नॅनोतंत्रज्ञान केंद्रात जमिनीखाली सुमारे ८ मीटरवर सहा 'निःशब्द' खोल्या आहेत. उपकरण काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यावर, आणि ठोकळा हवेच्या स्प्रिंगांवर. भिंतींना निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचे कवच, जेणेकरून बाहेरचे चुंबकीय क्षेत्र आत येऊ नये.

३४/
आणि माणूस? तो शेजारच्या खोलीत. त्याच्या देहाची उष्णता, बोलणे, पाऊल, सारेच प्रयोगाला बाधक. कान यांनी नळांना खोलीबाहेरच्या मनोऱ्यांत धाडले होते. येथे पंपांबरोबर शास्त्रज्ञही बाहेर गेला. सेवा घेणारा कोण आणि सेवा देणारा कोण, ही वाटणीच उलटली. खोली आता उपकरणाची, माणूस तिच्या सेवेला.

३५/
या वाटेने गेल्यास प्रयोगशाळा म्हणजे निव्वळ तळघर होईल आणि मरे हिलच्या व्हरांड्यातल्या गाठीभेटी संपतील. हा धोका ओळखून दोन्ही रहिवाशांना सांभाळण्याचा प्रयत्न ज्या इमारतींत झाला, त्यांतील एक म्हणजे मँचेस्टरची राष्ट्रीय ग्राफीन संस्था. वास्तुरचना जेस्टिको अँड व्हाइल्स यांची, खर्च ६.१ कोटी पौंड, आरंभ २०१५.

३६/
ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा केवळ एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून वेगळा केला. २००४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या पापुद्र्यापुढे अर्ध्या मायक्रोमीटरचा धूलिकण जवळपास दीड हजार पट जाड ठरतो. शोध चिकटपट्टीने लागला, पण त्यापासून उपयुक्त साधने घडवायला क्लीनरूम हवी.

३७/
या इमारतीचा पाया खोदताना पुरातत्त्वज्ञांना व्हिक्टोरियन काळातील 'अल्बर्ट क्लब'चे अवशेष मिळाले. मँचेस्टरमधील कौटुंबिक कापडगिरणीच्या व्यवसायात असलेला फ्रेडरिक एंगेल्स त्या क्लबचा सदस्य होता. कापूस, कोळसा आणि कामगारांच्या हालअपेष्टा यांवर उभ्या राहिलेल्या नगराने त्याच मातीत नव्या द्रव्याच्या आधारे आपले भवितव्य शोधावे, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हणावा लागेल.

३८/
मुख्य क्लीनरूम सर्वांत खाली, तळघरात आहे. कारण तेथे कंपने किमान. त्यावरच्या मजल्यांवर इतर प्रयोगशाळा आणि त्यांना लागून अभ्यासिका, म्हणजे बसणारा आणि प्रयोग करणारा यांत अंतर पडत नाही. आराखड्याच्या चर्चेत नोव्होसेलोव्ह स्वतः सहभागी होते. मॅक्सवेल आणि फॉसेट यांच्या संवादाची परंपरा येथे पुन्हा दिसते.

३९/
इमारतीला बाहेरून काळ्या, चकचकीत पोलादी पत्र्याचे कवच आहे. त्यावरील छिद्रांच्या नक्षीत ग्राफीनच्या अभ्यासातील समीकरणे गुंफलेली आहेत. छायाचित्रे याच कवचाची निघतात. पण इमारतीचे खरे मर्म रस्त्यावरून न दिसणाऱ्या तळघरात आहे. रिचर्ड्समध्ये सेवायंत्रणाच चेहरा झाली होती. येथे चेहरा निराळा आणि यंत्रणा निराळी. दोहोंनी परस्परांच्या कामात ढवळाढवळ केलेली नाही.

४०/
अशा वास्तूंचा एक हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. हवा सतत गाळायची, थंड करायची, बाहेर फेकायची, म्हणून प्रयोगशाळा साध्या कार्यालयाच्या कित्येक पटींनी वीज खाते. सौरघट आणि बॅटरीसाठी नवी द्रव्ये शोधणारी इमारतच ऊर्जेची उधळण करत असेल, तर तो विरोधाभास रचनाकाराला टाळता येणार नाही. माणूस आणि उपकरण यांच्यासोबत आता तिसरा दावेदारही उभा आहे : भोवतालचे जग.

४१/
मँचेस्टरची वास्तू रचणाऱ्या जेस्टिको अँड व्हाइल्स यांनीच पुढे केंब्रिजमध्ये कॅव्हेंडिशचे नवे घर, रे डॉल्बी सेंटर, रचले. ते २०२५ मध्ये खुले झाले. त्यातही क्लीनरूम आहेत आणि कंपनांपासून जपलेल्या प्रयोगशाळाही आहेत. जमिनीपासून टेबल सोडवणाऱ्या मॅक्सवेल यांना त्यातील हेतू समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसती.

४२/
गीसेनची काचेची कपाटे, मरे हिलची हलती पार्टिशने, सॉल्कचा नळांचा मजला, र्‍युश्लिकोनचे तरंगते ठोकळे. यांपैकी एकही गोष्ट रस्त्यावरून दिसत नाही. प्रयोगशाळेची वास्तू कशी आहे, हे ठरते ते आत काम करणाऱ्यांना आधी विचारले होते का, यावर. जेथे विचारले गेले, तेथे भिंतींनी विज्ञानाला हात दिला. जेथे राहून गेले, तेथे शास्त्रज्ञांनी स्वतःच खिडकीला फॉइल लावून उत्तर दिले.